नवीन कामाला हात लागत नाही? या चुका टाळा

सांगलीत बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजच्या ऑफिसात मी काम करते. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारी लागता लागता मालक म्हणाले, "या सीझनपासून स्टॉक रजिस्टर कॉम्प्युटरवर घ्यायचं. तू बघ." मी आनंदानं हो म्हटलं आणि पुढचे तीन आठवडे एकही नोंद केली नाही. दिवसभर मान वर करायला फुरसत नव्हती, पण नेमकं तेच काम तसंच पडून होतं. नवं काम अंगावर घेतलेल्या अनेकांचं असंच होताना नंतर पाहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

तयारीलाच काम समजणं

सगळ्यात फसवी चूक हीच, कारण ती करताना आपण टाळतोय असं वाटतच नाही. मी एक्सेलचे व्हिडिओ पाहिले. आवकेच्या रकान्याला हिरवा रंग दिला, जावकेच्या रकान्याला लाल. मालकांनी विचारलं की "फॉरमॅट चाललाय" म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं.

शेवटी आमच्या दिवाणजी काकांनी लाल कापडी बांधणीचं जुनं रजिस्टर माझ्या टेबलावर उघडलं, आदल्या सीझनची एक आवक पावती काढली आणि म्हणाले, "पोरी, रंग राहू देत. एवढी एकच पावती त्यात भर, मग मी जातो." पावती तासगावकडच्या एका बागायतदाराची होती, पंधरा किलोचे २४० बॉक्स. नाव भरलं, लॉट नंबर भरला आणि चेंबरच्या रकान्याशी अडले. १६० बॉक्स दोन नंबर चेंबरला होते, ८० चार नंबरला. माझ्या फॉरमॅटमध्ये एका लॉटला एकच चेंबर होता. तीन आठवड्यांत जे दिसलं नव्हतं, ते पहिल्या पावतीनं दहा मिनिटांत दाखवलं.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. तयारीला एक दिवस, फार तर दोन. त्यानंतर खरी पावती, खरं ड्रॉइंग, खऱ्या ग्राहकाची ऑर्डर समोर घ्यायची आणि कच्च्या फॉरमॅटमध्येच भरायला लागायचं. अडचणी तिथंच कळतात.

स्वतःला आळशी म्हणत बसणं

फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये चालढकलीबद्दल एक गोष्ट मांडली, ती मला तंतोतंत पटते. काम समोर आलं की नकोसं वाटतं, धास्ती वाटते. बाजूला सारलं की तेवढ्यापुरतं हलकं वाटतं. त्या हलकेपणासाठी आपण उद्याचं नुकसान पत्करतो. म्हणून नुसतं वेळापत्रक आखून भागत नाही, धास्ती कसली आहे ते आधी शोधावं लागतं.

मी ती कागदावर लिहिली: "माझा आकडा चुकला तर शेतकऱ्याचे बॉक्स कमी दिसतील." लिहिल्यावर उपायही दिसला. पहिला महिना रजिस्टर आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवायचं आणि रोज संध्याकाळी ताळा घ्यायचा. स्वतःला बोल लावून हे सुचलं नसतं.

मुहूर्ताची वाट बघणं

"सोमवारपासून करू", "अमावस्या होऊ दे", "मार्च एंड उरकला की". हळदीच्या सौद्याला मुहूर्त धरतात ते योग्यच आहे, तिथं अडते, खरेदीदार, शेतकरी सगळे एका दिवशी जमतात. आपल्या टेबलावरच्या कामाला कुणी जमायचं नसतं. त्यापेक्षा ते रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं की "अमुक झालं की मी तमुक करणार" असं आधीच ठरवलेलं काम हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. माझं ठरलेलं होतं: सकाळच्या चहाचा कप खाली ठेवला की पहिली पावती. फोन त्यानंतर.

डायरीत मोघम लिहिणं

"प्रोजेक्ट सुरू करणे" यातून हातानं नेमकं काय करायचं ते कळत नाही. "एक नंबर चेंबरच्या पहिल्या दहा पावत्या" असं लिहा.

एकच शेवटची तारीख ठेवणं

डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही जणांना मजकूर तपासायला दिला होता. सारख्या अंतरानं तारखा बांधून दिलेल्यांचं काम सगळ्यात चांगलं झालं, स्वतः तारखा ठरवणाऱ्यांचं त्याखालोखाल, आणि एकच शेवटची तारीख असलेल्यांचं सगळ्यात वाईट. म्हणून मधल्या तारखा दुसऱ्या कुणाकडून तरी बांधून घ्या. मी दिवाणजी काकांनाच सांगितलं होतं, दर शनिवारी पाच वाजता माझ्या नोंदी बघा. ते बरोबर पाचला चष्मा पुसत येऊन बसायचे.

तरीही गाडी अडली तर

आधी बघा, ही खरंच टाळाटाळ आहे का. घरची-दारची सगळीच कामं अडली असतील, आठवडेच्या आठवडे झोप नीट नसेल, तर डॉक्टरांना भेटा, ती बाब वेगळी आहे. पण पुष्कळदा एखादी माहिती किंवा परवानगीच हातात नसते आणि विचारायला संकोच वाटतो. मीही मध्ये दोन दिवस अशीच थांबले होते, जुन्या मालाची सुरुवातीची शिल्लक कोणती धरायची ते माहीत नव्हतं म्हणून. शेवटी मालकांना फोन केला. ते म्हणाले, "एक मार्चला चेंबरमध्ये जाऊन मोजू, तोच आकडा धर. तोवर बाकीचं भर." त्या दुपारी चौदा पावत्या भरून झाल्या.