वाळवलेले मीलवर्म वापरल्यानंतरची साफसफाई

परसातल्या कोंबड्यांना पूरक खाद्य म्हणून, गच्चीवर येणाऱ्या बुलबुल-साळुंक्यांसाठी किंवा गळाला लावायचे आमिष म्हणून वाळवलेले मीलवर्म वापरणारी माणसे आता सोलापुरातही भेटतात. मीलवर्म हे गांडूळ नव्हे. टेनेब्रिओ मोलिटर नावाच्या काळपट भुंगेऱ्याची ती अळी असते. वाळल्यावर तिच्या वजनाचा साधारण निम्मा भाग प्रथिनांचा आणि पाव भाग किंवा त्याहून थोडा अधिक चरबीचा असतो. साफसफाईचे बहुतेक नियम याच दोन गोष्टींतून निघतात. कोरडा असेपर्यंत हा पदार्थ साध्या भुशासारखा दिसतो, पण पाणी लागले की त्यातली प्रथिने सुक्या मासळीसारखी भिजून कुजू लागतात, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, जिथे पारा चाळिशीच्या वर सहज जातो, त्यातली चरबी लवकर खवट होते.

विजापूर रस्त्यावरच्या आमच्या घराच्या गच्चीवर मी सुरुवातीला सांडलेला चुरा बादलीभर पाणी ओतून धुऊन काढत असे. चुरा पाण्याबरोबर वाहत जाऊन पन्हळीच्या तोंडाशी साचला, तिथेच फुगला, दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटला आणि तांबड्या मुंग्यांची रांग थेट स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आली. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ती बादली वाया गेली, हे दुःख वेगळेच. तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो. चुरा आधी कोरडाच उचलायचा, पाण्याला हात नंतर लावायचा.

कोरडा उचलायचा म्हणजे झाडूने झाडायचा नव्हे, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. मीलवर्मच्या पिशवीच्या तळाशी जी पिठासारखी धूळ असते, तीत अळ्यांच्या कातीचे आणि विष्ठेचे बारीक कण असतात. कोळंबी, खेकडा यांची किंवा घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म कोळ्यांची ॲलर्जी असणाऱ्यांना ही धूळ बाधू शकते, कारण ट्रोपोमायोसिन हे प्रथिन या सगळ्या जिवांत जवळजवळ सारख्याच रूपात असते. झाडूचा एक जोराचा फटकारा बसला की ती धूळ नाकाच्या उंचीवर येते. म्हणून मोठे तुकडे जाड पुठ्ठ्याच्या कडेने हळूहळू सुपलीत ओढावेत आणि उरलेली धूळ घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्याने एकाच दिशेने टिपून घ्यावी. फडके ओलसर असावे, पाणी गळणारे नसावे. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा असेल तर त्याला चांगला बारीक फिल्टर हवा, नाहीतर मागच्या बाजूने तीच धूळ खोलीभर पसरते. काम झाल्यावर त्याची पिशवी त्याच दिवशी रिकामी करावी. ज्यांना शिंका येतात, डोळे चुरचुरतात किंवा अंगावर गांधी उठतात, त्यांनी मास्क लावून काम करण्यापेक्षा ते घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. धाप लागली किंवा छातीतून घरघर येऊ लागली तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

उचललेला चुरा कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यातून घंटागाडीत द्यावा. घरी कंपोस्ट करणाऱ्यांनी मूठभर चुरा खड्ड्यात चांगला खोल पुरून वर माती आणि पालापाचोळा टाकला तर चालेल. वरवर टाकल्यास उंदीर आणि घुशी येतात. मोरीत किंवा बेसिनमध्ये तो मुळीच टाकू नये, कारण चरबी नळीच्या आतल्या बाजूला धरून बसते.

पक्ष्यांची थाळी किंवा कोंबड्यांचे खाद्यभांडे मात्र नुसते पुसून भागत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरू शकतात आणि ज्या भांड्याभोवती अनेक पक्षी जमतात तिथे हा धोका वाढतो. आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून आधी साबणाच्या पाण्याने घासावे, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणात दहा मिनिटे ठेवावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि कडक उन्हात पूर्ण वाळवूनच पुन्हा भरावे. घासण्याआधीच ब्लीच वापरले तर ते मळातच खर्ची पडते आणि जंतू तसेच राहतात. ब्लीचमध्ये फरशीचे किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हे काम स्वयंपाकघरात न करता गच्चीवर किंवा अंगणात करावे आणि त्यासाठी घासणी वेगळी ठेवावी.

मीलवर्म पाण्यात भिजवून देणाऱ्यांना घाई करावी लागते. भिजवलेले उरलेले मीलवर्म आपल्या उन्हाळ्यात एक-दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नयेत आणि उरले तर दुसऱ्या दिवसासाठी राखू नयेत. कोंबडीला रोजच्या खाद्यावर चमचाभर मीलवर्म पुरेसे होतात, आणि मोजून दिले की साफसफाईचे अर्धे काम आधीच हलके होते. खुराड्यातला भुसा ओला असेल तर तो बदलून मगच खाद्य द्यावे, कारण कोंबड्या उकरताना तुकडे भुशात दाबून टाकतात आणि ते तिथेच बुरसतात.

मुंग्यांसाठी खडू किंवा पावडर पक्ष्यांच्या थाळीजवळ वापरू नये, कारण त्यांत कीटकनाशक असते. थाळीच्या स्टँडचे पाय पाणी भरलेल्या ताटलीत ठेवण्याची दुधाच्या जाळीच्या कपाटाची जुनी युक्ती इथेही तेवढीच उपयोगी पडते. फक्त ते पाणी दोन-तीन दिवसांनी बदलावे, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात.

हिप्परगा तलावावर किंवा उजनीच्या काठावर चिलापीसाठी हे आमिष नेणाऱ्यांनी डबा घरी आणूनच साफ करावा, काठावरच्या पाण्यात विसळू नये. उरलेले तुकडे आणि रिकामी पिशवी बरोबर परत आणावी, आणि त्याहून अधिक काळजीने तुटलेली नायलॉनची दोरी व गळ आणावेत, कारण त्यांत पाणपक्ष्यांचे पाय अडकतात. डबा बंद गाडीच्या डिकीत दुपारभर राहिला तर खवट वास आसनाच्या कापडात मुरतो. तिथे पाणी शिंपडण्याऐवजी कोरडा खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी टिपून घ्यावा. भाकरीची शिदोरी सोडण्याआधी हात साबणाने वीस सेकंद चोळून धुवावेत. काठावर साबण नसतो, म्हणून घरूनच वडी आणि पाण्याची बाटली न्यावी.

शेवटी साठवणीविषयी, कारण घरातला सर्वांत चिवट त्रास तिथूनच सुरू होतो. सुक्या किड्यांवर पोसणारे काही बारीक भुंगेरे असतात आणि त्यांच्या केसाळ तपकिरी अळ्या पिशवीतून बाहेर पडून कपाटात शिरतात. सुती चादरींना त्यांचा सहसा उपद्रव नसतो, पण लोकरीची घोंगडी आणि रेशमी साडी त्या आनंदाने कुरतडतात. नवीन पिशवी आली की ती बंदच आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत दव धरते. मग मीलवर्म घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसह, सावलीत ठेवावेत. सप्टेंबरच्या पावसात महिन्यातून दोनदा बरणी उजेडात धरून पाहावी. आत जाळी, केसाळ कात किंवा पांढरी बुरशी दिसली तर निवडत बसू नये. सगळा माल फेकून द्यावा, बरणी गरम पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी शेजारच्या कपाटातली घोंगडी उन्हात टाकून तिच्या घड्या तपासाव्यात.