क्रझमधल्या खेड्याचा इतिहास शोधायचा असेल तर

फ्रान्समधल्या लिमोझ शहरात राहायला आल्यापासून माझ्या बहुतेक सुट्ट्या मिलव्हाश पठारावर जातात. क्रझ जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्याची माहिती काढायची तर सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी सांगते, चर्चपासून नको, जमिनीपासून करा. मी स्वतः चर्चपासून केली होती. महिनाभर खपून हातात आलं ते फक्त घुमटाचं वय. गावाबद्दल काहीच कळलं नव्हतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या. 'कम्यून' हे फ्रान्समधलं प्रशासनाचं सर्वात लहान एकक, ते 1789 च्या क्रांतीतून आलं. आज देशात सुमारे 35 हजार कम्यून आहेत. पण क्रझमध्ये एक कम्यून म्हणजे एक गाव नव्हे. मध्ये चर्च आणि मेरी (म्हणजे पंचायतीची कचेरी) असलेलं 'बूर' आणि भोवती विखुरलेल्या वाड्या, अशी इथली रचना. माणसं खरी वाडीची असतात. म्हणून वाडीचं नाव हाती नसेल तर पुढे जाऊ नका.

आता नकाशे. फ्रान्सच्या भूगोल संस्थेची 'रमोंते ल तां' नावाची फुकट साइट आहे. तिथे एकाच जागेची जुनी आणि नवी चित्रं शेजारीशेजारी लावता येतात. 1950 च्या सुमाराचं हवाई छायाचित्र आणि आजचं, ही जोडी आधी लावा. जुन्या चित्रात उघडा माळ दिसतो, मेंढ्या चारायचा. नव्यात त्याच जागी डग्लस आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची गडद लागवड. चारायला माणसं उरली नाहीत तेव्हा माळावर झाडं लावली गेली. मग मागे जा, अठराव्या शतकातल्या कासिनीच्या नकाशापर्यंत. त्याचं प्रमाण 1:86,400, त्यामुळे शेतं दिसणार नाहीत, पण वाडी तेव्हा होती की नाही एवढं कळतं.

शेतं बघायची तर नेपोलियनच्या काळातला जमीन-मोजणीचा नकाशा हवा. 1807 च्या कायद्याने ही मोजणी सुरू झाली. पाणी निळं, घरं लालसर, प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि सोबतच्या वहीत मालकाचं नाव. आपला सातबारा बघायची सवय असलेल्याला हे लगेच उमगेल. जागांची नावं मोठ्याने वाचा, ती इथल्या जुन्या ऑक्सितान बोलीतली आहेत. 'प्वी' म्हणजे टेकडी. 'व्हेर्न्य' म्हणजे आल्डरचं झाड, आणि ते पाण्याकाठी वाढतं, म्हणजे तिथली जमीन ओलसर. 'फायोल' आलं की तिथे कधीतरी बीचची झाडं होती.

आता वह्या. गेरे इथल्या जिल्हा अभिलेखागाराने जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी ऑनलाइन ठेवल्या आहेत. 1792 पर्यंत त्या पाद्री ठेवायचा, त्यानंतर कम्यून. क्रांतीच्या वर्षांत वेगळं, नवं कॅलेंडर चालायचं, त्या तारखांनी गोंधळून जाऊ नका. '12 निव्होझ, वर्ष 6' म्हणजे 1 जानेवारी 1798. तारखा बदलून देणारी साधनं नेटवर मिळतात.

इथे घाई करू नका. एकोणिसाव्या शतकातलं एक वर्ष उघडा आणि फक्त महिने बघा. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा लग्नं सगळी जानेवारी-फेब्रुवारीत, उन्हाळ्यात जवळजवळ नाहीतच, आणि बाळंतपणं शरदात. कारण या जिल्ह्यातले पुरुष गवंडी. मार्चमध्ये पॅरिसला, लियोंला निघायचे, थंडी पडली की परतायचे. सुब्रबोमध्ये 1815 साली जन्मलेला मार्तँ नादो 1830 मध्ये, 14 वर्षांचा असताना, बापासोबत असाच निघाला आणि 1849 मध्ये खासदार झाला. आठ-नऊ महिने शेती, गुरं, म्हातारी माणसं बायकांच्या अंगावर. लग्नाच्या नोंदीखालीही बघा. नवऱ्याची सही असते आणि नवरीच्या नावापुढे 'सही करता येत नाही' असं कारकुनाने लिहिलेलं असतं. ते वाचताना मला दरवेळी थांबावं लागतं.

पुढे गवंडी परतेनासे झाले. 1851 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 2 लाख 87 हजार होती, आज ती 1 लाख 20 हजारांच्याही खाली आहे. हे वाडीनुसार बघायला जनगणनेच्या याद्या आहेत, 1836 पासून साधारण दर 5 वर्षांनी, घरटी नावांसकट.

गावी प्रत्यक्ष जाल तेव्हा मेरी उघडी असण्याचे दिवस आधी पाहून घ्या. लहान कम्यूनमध्ये ती आठवड्यातून थोडाच वेळ उघडते. आत शिरताच आधी 'बोंजूर' म्हणा, काम नंतर सांगा.

शेवटी युद्धस्मारकापाशी या. जवळपास प्रत्येक कम्यूनमध्ये पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक आहे. झाँत्यूचं मुद्दाम बघा. तिथे सैनिक नाही, एक अनाथ मुलगा उभा आहे, एका हातात टोपी, दुसऱ्या हाताची मूठ उगारलेली, आणि समोर कोरलंय 'युद्धाचा धिक्कार असो'. तुमच्या गावच्या स्मारकावरचं एक नाव निवडा. संरक्षण खात्याच्या 'मेम्वार देझॉम' साइटवर त्याचं कार्ड काढा, मग 1911 च्या जनगणनेत त्याची वाडी शोधा आणि मग जमिनीचा नकाशा उघडा. मी असं एकाचं केलं. आई, दोन बहिणी आणि तो, वाडीतलं शेवटचं घर. नकाशावर विहीरसुद्धा दाखवलेली आहे. हवाई छायाचित्रात आता तिथे स्प्रूस आहेत, आणि चालत गेलात तर झाडांमध्ये दाराची दगडी चौकट अजून उभी दिसते.