डेस्कटॉपवरचे शॉर्टकट बिघडले? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा रात्री साडेनऊला फोन आला. "अरे, माझ्या कॉम्प्युटरवर सगळ्याची पीडीएफ झालीय." मला वाटलं, चुकून काहीतरी पीडीएफमध्ये सेव्ह केलं असेल. जाऊन बघतो तर खरंच, विंडोज ७ च्या त्या जुन्या डेस्कटॉपवर ब्राउझर, वर्ड, हिशेबाचं सॉफ्टवेअर, पत्त्यांचा खेळ, सगळ्यांना पीडीएफ वाचकाचं एकच लाल चित्र. कशावरही डबल क्लिक करा, पीडीएफ वाचक उघडायचा आणि "ही फाइल उघडता येत नाही" म्हणून गप्प बसायचा. दुकानातल्या मुलाने फोनवरच निकाल दिला होता: व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल. काकांच्या मशीनमध्ये बारा वर्षांचे फोटो होते. बॅकअप? "तो काय असतो?"

फॉरमॅट मारावा लागला नाही. पंधरा मिनिटांचं काम होतं. पण ते सांगण्याआधी शॉर्टकट ही काय चीज आहे ते बघू, कारण पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

शॉर्टकट म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. घर नव्हे. विंडोज ९५ पासून ही सोय आहे आणि तिचा गाभा तेव्हापासून तोच आहे: एक ते दोन केबीची छोटीशी फाइल, जिच्या शेपटीला 'डॉट एलएनके' असतं. आत मूळ फाइलचा पत्ता, ती कोणत्या ड्राइव्हवर आहे याची खूण, चित्र कुठून घ्यायचं ते, असं सगळं लिहिलेलं. गंमत म्हणजे ही शेपटी विंडोज कधीच दाखवत नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन सगळी एक्स्टेन्शन्स दाखव म्हणून सांगितलं तरी 'एलएनके' लपलेलंच राहतं. म्हणून चिठ्ठी आणि घर यांतला फरक फक्त चित्राच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या बाणावरून कळतो.

हा फरक न कळल्याने होणारी सगळ्यात जुनी फजिती तुम्ही पाहिली असेल, कदाचित केलीही असेल. डेस्कटॉपवरचं 'प्रोजेक्ट' नावाचं चित्र पेनड्राइव्हवर ओढायचं, झेरॉक्सच्या दुकानात जायचं, रांगेत उभं राहायचं आणि तिथल्या कॉम्प्युटरने सांगायचं की अशी फाइलच नाही. चिठ्ठी खिशात आली, घर घरीच राहिलं. दीडशे पानांचा प्रबंध एका सेकंदात कॉपी झाला तर खूश होऊ नका, आधी त्याचा आकार बघा. एक केबी दिसत असेल तर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा, म्हणजे खरी फाइल समोर येईल. ती न्या. मेलला शॉर्टकट जोडून पाठवणाऱ्यांनाही हेच लागू.

आता काकांकडे परत. विंडोजच्या वहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, कुठल्या शेपटीची फाइल कशाने उघडायची याची नोंद असते. काकांनी कधीतरी कुठल्यातरी चित्रावर 'ओपन विथ'ची खिडकी आणली होती, यादीतून पीडीएफ वाचक निवडला होता, आणि खाली 'या प्रकारच्या फाइलसाठी नेहमी हाच प्रोग्राम वापर' या ओळीपुढची खूण तशीच राहू दिली होती. विंडोजने आज्ञा पाळली. 'एलएनके' शेपटीची प्रत्येक फाइल, म्हणजे झाडून सगळे शॉर्टकट, पीडीएफ वाचकाच्या स्वाधीन. काहींकडे हेच नोटपॅडने होतं, मग प्रत्येक चित्रातून अगम्य अक्षरांचा कचरा उघडतो. दोन्हींत मूळ प्रोग्राम धडधाकट असतात. खात्री करायची तर 'सी' ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन खऱ्या प्रोग्रामवर डबल क्लिक करा. तो उघडला की समजा, बिघाड चिठ्ठ्यांपुरता आहे. इथे लोक सगळे प्रोग्राम काढून परत घालत बसतात. त्याने काहीच होत नाही, नवी चिठ्ठीसुद्धा त्याच पीडीएफच्या दारात जाते.

विंडोज ७ मध्ये इलाज असा. विंडोजचं बटण आणि 'आर' दाबून रनची चौकट आणा, त्यात रेजएडिट (regedit) टाइप करून एंटर मारा. डावीकडे 'एचकी करंट यूजर' उघडून क्रमाने सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्स्प्लोरर, फाइल एक्स्ट्स असे आत जा. तिथे 'डॉट एलएनके' सापडेल आणि त्याच्या पोटात 'यूजर चॉइस'. फक्त ही 'यूजर चॉइस' डिलीट करायची. त्याआधी 'डॉट एलएनके'वर राइट क्लिक करून एक्सपोर्ट घेऊन ठेवा, चुकलं तर परत आणता येतं. मग लॉग ऑफ, लॉग ऑन. काकांच्या पडद्यावर लाल चित्रं जाऊन जुनी चित्रं आली तेव्हा काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "झाला का व्हायरस?" रजिस्ट्रीत हात घालायची भीती वाटत असेल तर सिस्टीम रिस्टोअर चार दिवस मागे न्या, तोही चालतो.

रजिस्ट्रीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. तो कोपऱ्यातला बाण काहींना डोळ्यांत खुपतो. त्यासाठी 'इज शॉर्टकट' नावाची नोंद उडवा असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. करू नका. ती नोंद गेली की शॉर्टकट हा शॉर्टकट आहे हेच विंडोजला ओळखता येत नाही आणि खालच्या पट्टीवर पिन केलेले प्रोग्राम रुसतात. शिवाय बाण गेला की चिठ्ठी कुठली आणि घर कुठलं हे तुम्हालाही कळणार नाही, आणि डेस्कटॉप 'साफ' करताना एके दिवशी खरी फाइल उडवाल. बाण असलेलं चित्र डिलीट केलं तर फक्त चिठ्ठी जाते. बाण नसलेलं केलं तर फाइल जाते. (आणि बाणवालं चित्र उडवलं म्हणजे प्रोग्राम अनइन्स्टॉल झाला असं मानणारे माझ्या ओळखीत किमान तीन जण आहेत.)

शॉर्टकट आपोआप गायब होतात ही तक्रार बहुतेक विंडोज ७ वाल्यांची, आणि ती खरी आहे. हे विंडोज आठवड्यातून एकदा स्वतःची झाडलोट करतं. त्या वेळी डेस्कटॉपवर चारपेक्षा जास्त तुटके शॉर्टकट दिसले तर ते उचलून टाकतं, तुम्हाला न विचारता. एका छोट्या ऑफिसात मी हे पाहिलं आहे. हिशेबाच्या फाइल्स दुसऱ्या मशीनवरच्या शेअर केलेल्या ड्राइव्हवर, त्यांचे सात-आठ शॉर्टकट इथल्या डेस्कटॉपवर. ते दुसरं मशीन बंद असताना झाडलोट झाली की विंडोजच्या मते सगळ्या चिठ्ठ्या खोट्या. सोमवारी सकाळी डेस्कटॉप रिकामा, आणि आळ ऑफिसातल्या नव्या मुलीवर. कंट्रोल पॅनलमध्ये ट्रबलशूटिंग, त्यात चेंज सेटिंग्ज, आणि कॉम्प्युटर मेंटेनन्स ऑफ करा. किंवा ते सगळे शॉर्टकट एका फोल्डरमध्ये घालून तो फोल्डर डेस्कटॉपवर ठेवा. विंडोज एक्सपीही दर साठ दिवसांनी झाडलोट काढायचा, पण तो बिचारा आधी विचारायचा आणि न वापरलेले शॉर्टकट निदान एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्यायचा.

डेस्कटॉपवरचं सगळंच्या सगळं गेलं असेल तर मात्र वेगळं बघायचं. रिकाम्या जागेवर राइट क्लिक, व्ह्यू, 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'वर खूण आहे का? असेल आणि तरी काही दिसत नसेल, उलट वॉलपेपरही बदललं असेल, तर तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये शिरला आहात. अशा वेळी काहीही नवं सेव्ह करू नका, लॉग ऑफ केलं की ते जातं. आधी रीस्टार्ट करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

एकच शॉर्टकट चालत नसेल तर त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि 'टार्गेट'ची ओळ शांतपणे वाचा. निम्मी उत्तरं तिथेच असतात. पत्ता 'ई' ड्राइव्हचा आहे आणि बाहेरची हार्ड डिस्क आज 'एफ' म्हणून लागली आहे, असं हमखास सापडतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला कायमचं एक अक्षर देऊन टाका, तेही यादीतलं शेवटचं, म्हणजे पेनड्राइव्ह आधी लावला तरी भांडण नाही. त्याखालची 'स्टार्ट इन'ची ओळ कोणी बघत नाही, पण जुन्या हिशेबाच्या आणि डॉसच्या काळातल्या प्रोग्रामांना ती हवी असते. ते आपला डेटा त्या फोल्डरमध्ये शोधतात. ती ओळ रिकामी असली की प्रोग्राम उघडतो, पण आत एकही खातं दिसत नाही, आणि मालकाचा चेहरा पांढरा पडतो. डेटा जागेवर असतो.

ब्राउझर उघडला की दरवेळी कुठलंतरी भलतंच पान येतं? सेटिंग्जमध्ये होमपेज दहा वेळा बदलून झालं? टार्गेटच्या ओळीचा शेवट बघा. प्रोग्रामच्या नावानंतरचं अवतरणचिन्ह बंद झाल्यावर पुढे एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर ते कोणत्यातरी फुकट सॉफ्टवेअरबरोबर आलेलं लोढणं आहे. तेवढी शेपटी खोडा. टास्कबारवरच्या आणि स्टार्ट मेनूतल्या शॉर्टकटचीही वेगळी तपासणी करा. आणि लोढणं आणणारं सॉफ्टवेअर काढा, नाहीतर शेपटी परत उगवते.

प्रॉपर्टीजमध्येच 'शॉर्टकट की'ची चौकट असते. तिथे नुसतं 'टी' दाबलं की कंट्रोल, ऑल्ट आणि टी अशी जोडी तयार होते. झकास सोय आहे, पण शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेपर्यंतच ती चालते. दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला तर की मुकी. शॉर्टकटची कॉपी काढली तर की पण कॉपी होते, मग एका कीवर दोन दावेदार. आणि आपल्याकडचा खास घोटाळा: इंग्लिश इंडिया कीबोर्डवर उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह ₹ उमटतं. असा उजवा ऑल्ट विंडोजच्या लेखी कंट्रोल आणि ऑल्ट मिळूनच असतो. मी एकदा कॅल्क्युलेटरला कंट्रोल, ऑल्ट, ४ ही जोडी दिली आणि नंतर बिल टाइप करताना प्रत्येक रकमेआधी रुपयाऐवजी कॅल्क्युलेटर टपकायला लागला. कीबोर्ड बदलायला निघालो होतो. अंकांच्या वाटेला जाऊ नका, अक्षरं घ्या.

पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले असतील तर मात्र तो खरोखर व्हायरस आहे, आणि इथे घाई नडते. हा प्रकार तुमचे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाच्या चिठ्ठ्या मांडतो. चिठ्ठीवर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे शंका येत नाही. पुढे त्या मशीनला लागणारा प्रत्येक पेनड्राइव्ह बाधित. पहिली चूक ते शॉर्टकट उघडून बघण्याची. दुसरी, 'सगळं गेलं' म्हणून पेनड्राइव्ह फॉरमॅट करण्याची. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये वापरलेली जागा बघा, चार जीबी भरलेली दिसते ना? मग फाइल्स आहेत. आधी कॉम्प्युटर अद्ययावत अँटिव्हायरसने तपासा, नाहीतर साफ केलेला पेनड्राइव्ह पुन्हा मळेल. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पेनड्राइव्हचं अक्षर धरून ॲट्रिब (attrib) कमांड द्या, वजा एच, वजा आर, वजा एस, आणि पुढे तिरकी रेघ (/) एस, तिरकी रेघ डी. लपलेले फोल्डर वर येतात. त्यानंतर खोटे शॉर्टकट उडवा. २०१० मध्ये स्टक्सनेट नावाच्या घातक प्रोग्रामने तर शॉर्टकटचं चित्र दाखवण्यातलीच फट वापरली होती, फोल्डर नुसता उघडून पाहिला तरी पुरे व्हायचं. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१० मध्ये ती बुजवली, पण काम अर्धवट निघालं आणि मार्च २०१५ मध्ये पुन्हा बुजवावी लागली. ज्या जुन्या मशीनला तेव्हापासून एकही अपडेट मिळालेलं नाही, त्यात अनोळखी पेनड्राइव्ह लावूच नका.

चित्रं पांढरी कोरी पडली असतील आणि प्रोग्राम मात्र उघडत असतील तर चिंता नको. चित्रांचा साठवलेला कॅश खराब झालाय, 'आयकॉन कॅश' नावाची ती लपवलेली फाइल उडवून रीस्टार्ट केलं की विंडोज नवी बनवतं.

आणि कधीकधी शॉर्टकटचा काहीच दोष नसतो. डबल क्लिक केलं की प्रोग्राम उघडण्याऐवजी नाव निळं होऊन कर्सर लुकलुकतो? तुमचे दोन क्लिक संथ पडतायत, त्यामुळे विंडोजला वाटतं नाव बदलायचंय. कंट्रोल पॅनलमध्ये माउसचा डबल क्लिकचा वेग कमी करा, किंवा एक क्लिक आणि एंटर. काकांना मी एंटरच शिकवलं. महिन्याभराने त्यांचा पुन्हा फोन: बँकेच्या पानाचा शॉर्टकट उघडला की 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं, दुसरीही पानं तशीच. शॉर्टकट तीन वेळा नवा बनवून झाला होता. मी फोनवरच विचारलं, "काका, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय आहे?"

"एक जानेवारी २००९."

कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, आणि तारीख चुकली की ब्राउझरला सुरक्षित पानंही खोटी वाटतात. घड्याळाच्या दुकानात मिळाला.