ओळखीच्या गावात नैतिक निर्णय कसा घ्यावा: समुपदेशक, समाजकार्यकर्ते आणि परिचारिकांसाठी

बडोद्यात मराठी माणसांमध्ये समुपदेशन, वैद्यकीय समाजकार्य किंवा रुग्णशुश्रूषा करणाऱ्यांपुढचे नैतिक पेच बहुधा ओळखीतून उभे राहतात. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातली जुनी मराठी घरे पिढ्यानुपिढ्या एकमेकांना ओळखतात, आणि जी मुलगी सकाळी आपल्याकडे मन मोकळे करून गेली, तिची मावशी संध्याकाळी गणपतीच्या आरतीला आपल्या शेजारीच उभी असते. त्यामुळे पेच समोर आल्यावर विचार सुरू करून भागत नाही. त्याची तयारी पहिल्या भेटीतच करावी लागते.

पहिल्या भेटीत गोपनीयतेची हमी देतानाच तिच्या मर्यादाही सांगाव्यात. ‘सगळे माझ्यापाशीच राहील’ असे सरसकट वचन देणे मला घातक वाटते, कारण ते मोडण्याची वेळ आली की त्या माणसाचा केवळ आपल्यावरचाच नव्हे, तर मदत मागण्यावरचाच विश्वास उडतो. साध्या शब्दांत असे सांगता येते: “तुमचे बोलणे मी घरच्यांनाही सांगणार नाही. मात्र कोणाच्या जिवाला धोका आहे असे दिसले, किंवा एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर मला ते कळवावे लागेल. शक्य असेल तेव्हा आधी तुम्हाला सांगूनच कळवीन.”

यानंतर प्रत्येक प्रसंगी पहिला प्रश्न असा विचारावा की कायद्याने आपल्या हाती निर्णय ठेवला आहे का. पोक्सो कायदा, २०१२ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला माहिती देणे बंधनकारक आहे, आणि ती न देणे हा गुन्हा आहे. “ताई, घरातच मिटवतो, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे,” असे आईवडिलांनी कितीही विनवले तरी तेथे पर्याय उरत नाही. आपल्या हाती उरते ते एवढेच की मुलीला हे कोण सांगणार, तिच्यासोबत कोण जाणार आणि त्या रात्री ती कोठे राहणार. आपले सारे कौशल्य तेथेच लावावे.

याउलट मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देतो. दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता किंवा जिवाला धोका असे मोजके अपवाद त्यात आहेत, परंतु इतरांना इजेपासून वाचवण्यासाठीसुद्धा आवश्यक तेवढीच माहिती उघड करावी, असे तो बजावतो. ‘आवश्यक तेवढीच’ ही कसोटी कायद्याच्या कक्षेबाहेरही वापरावी. रुग्णाला रात्री एकटे ठेवू नका, एवढे भावाला सांगणे गरजेचे असू शकते. रुग्णाच्या संसारातली भांडणे त्याला सांगणे गरजेचे नसते.

आरतीनंतर मावशींनी विचारले, “आमची ताई येते ना हो तुमच्याकडे? काय म्हणते?” तर ‘येते, पण सांगता येणार नाही’ हे उत्तरही गोपनीयतेचा भंगच करते. “काकू, माझ्याकडे कोण येते नि कोण नाही, हे मी कोणाबद्दलच बोलत नाही,” हे उत्तर सर्वांना, प्रत्येक वेळी, सारखेच द्यावे. नेहमीचे झाले की त्याचा राग येत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग रुग्णालयात येतो. डॉक्टर गुजरातीत बोलतात, आजींना मराठीच नीट कळते, आणि मुलगा दारातच थांबवून म्हणतो, “आईला कॅन्सरचे सांगू नका, ती खचेल.” त्याच्या काळजीला खोटे ठरवू नये, पण आजींच्या आजारावर पहिला अधिकार आजींचाच आहे. म्हणून त्यांनाच विचारावे: “आजी, तपासणीचे जे निघेल ते तुम्हाला स्वतःला ऐकायचे आहे, की मुलाने ऐकून ठरवावे?” काही आजी खरोखरच मुलावर सोपवतात, आणि तो त्यांचा निर्णय म्हणून मानावा. ज्यांना ऐकायचे असते त्यांच्याशी खोटे बोलू नये, आणि दुभाषाचे काम करताना डॉक्टरांचे एकही वाक्य आपल्या मनाने गाळू नये.

दिवाळीच्या फराळासारख्या भेटींवर फार खल करण्याचे कारण नाही. डबा सर्व सहकाऱ्यांत वाटावा, पैसे किंवा दागिना मात्र परत करावा.

शंका उरली तर एकट्याने ठरवू नये. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या समाजकार्य विद्याशाखेत शिकलेल्यांना जुन्या शिक्षकांचा सल्ला घेता येतो. सल्ला घेताना नाव गाळणे पुरेसे नसते, कारण ‘रावपुऱ्यातल्या निवृत्त शिक्षिका, मुलगा कॅनडात’ एवढ्यावरून इथला कोणीही माणूस ओळखतो. असे तपशील बदलावेत किंवा शहराबाहेरच्या सहकाऱ्याला विचारावे. त्याच दिवशी नोंदवहीत काय कळले, कोणते पर्याय होते, कोणाला विचारले आणि हाच पर्याय का निवडला, हे तारखेसह लिहावे. जवळच्या नात्यातले किंवा घरोब्यातले प्रकरण पहिल्याच भेटीत दुसऱ्याकडे सोपवावे, आणि तसे का करतो हे त्या व्यक्तीला स्पष्ट सांगावे, नाहीतर आपल्याला नाकारले असेच तिला वाटेल.