नेल स्टुडिओतील धूळ श्वासात जाऊ नये यासाठी काय करावे

नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको अशा भागांतील अनेक नेल स्टुडिओ ब्यूटी पार्लरच्या कोपऱ्यात पार्टिशन घालून काढलेल्या, एकच दार असलेल्या आणि दिवसभर एसी चालू असलेल्या छोट्या केबिनमध्ये चालतात. अशा केबिनमध्ये ॲक्रिलिकची किंवा जेलची नखे घासताना जी धूळ उडते, तिचा बंदोबस्त बहुधा दोन क्लायंटच्या मध्ये टेबल पुसण्यापुरताच होतो. वास्तविक टेबलावर दिसणारी पांढरी भुकटी हा या धुळीचा त्यातल्या त्यात निरुपद्रवी भाग आहे. शंभर मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून थोडा जाड कण सेकंदाला साधारण पंचवीस सेंटिमीटर या वेगाने खाली येतो आणि टेबलावर बसतो. दहा मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेतसुद्धा एक मीटर खाली यायला सुमारे पाच मिनिटे लागतात, आणि एक मायक्रॉनच्या कणाला सात-आठ तास. पंखा किंवा एसी चालू असलेल्या खोलीत हे बारीक कण व्यवहारात खाली बसतच नाहीत. दुपारी एका क्लायंटच्या रिमूव्हलमध्ये, म्हणजे जुनी कृत्रिम नखे काढताना, उडालेली धूळ संध्याकाळच्या क्लायंटपर्यंत हवेत असते, आणि नेल आर्टिस्ट तर त्या हवेत दिवसभर वाकून बसलेली असते.

जाड कण नाकात आणि घशात अडकतात. चार मायक्रॉनहून लहान कण मात्र फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. या धुळीत घट्ट झालेले ॲक्रिलिक, जेलमधील मेथाक्रिलेट, रंगद्रव्ये, चकाकीचे कण आणि क्लायंटच्या नैसर्गिक नखाचा चुरा असतो. नखाला बुरशी झालेली असेल तर तिचेही अंश असतात. जेल दिव्याखाली पूर्ण क्युअर, म्हणजे घट्ट, झालेले नसेल, तर धुळीसोबत न जुळलेले मोनोमर, म्हणजे जेलचे मूळ कच्चे रसायन, तेही उडतात, आणि ॲलर्जी निर्माण करण्यात तेच सर्वांत पुढे असतात. सतत शिंका, घसा खवखवणे, कोरडा खोकला, छातीत घरघर, तसेच पापण्यांना किंवा बोटांच्या टोकांना खाज व पुरळ ही त्याची नेहमीची लक्षणे आहेत. मेथाक्रिलेटची ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर राहते आणि पुढे दातांच्या उपचारांतील तशाच पदार्थांचाही त्रास होऊ शकतो, हे या व्यवसायात नव्याने येणाऱ्या मुलींना प्रशिक्षण वर्गातच सांगायला हवे.

आधी धूळच कमी निघू द्यावी

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा धूळ कमी निर्माण होईल असे काम करावे, मग जी निघेल ती जागच्या जागी ओढून घ्यावी, त्यानंतर खोलीतील हवा बदलावी आणि मास्क सर्वांत शेवटी येतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी फक्त मास्क असतो, तोही हनुवटीवर उतरवलेला.

धूळ कमी करण्याचा खरा मार्ग हातातील कसबातून जातो. ब्रशवर ॲक्रिलिकचा मणी (छोटा ओला गोळा) योग्य मापाचा घेऊन तो क्युटिकलजवळ, म्हणजे नखाच्या मुळाच्या कातडीजवळ, पातळ आणि ताणबिंदूवर, म्हणजे नखावर सर्वाधिक ताण येतो तेथे, हवा तेवढाच जाड बसवला, तर नंतर आकार देण्यासाठी घासावे लागणारे द्रव्य पुष्कळ कमी होते. जाड थर लावून मग ड्रिलने खाली आणण्याची सवय हाताला सोपी वाटते, पण तिची किंमत छाती मोजते. रिफिलच्या, म्हणजे नख वाढल्यावर पुन्हा भरण्याच्या, वेळी जुने सगळे काढून टाकण्याऐवजी, चांगले चिकटलेले प्रॉडक्ट ठेवून फक्त उचललेला भाग काढावा. शक्य तेथे ॲसिटोनमध्ये भिजवून निघणारे सॉफ्ट जेल वापरावे. ॲसिटोनची वाफही हवेत जाते आणि ते सहज पेट घेते, त्यामुळे बोटे फॉइलमध्ये नीट गुंडाळावीत आणि बाटलीचे झाकण लगेच लावावे.

ड्रिल मशीनचा वेग जितका जास्त, तितकी धूळ बारीक होते आणि दूर फेकली जाते. मशीन तीस हजार फेऱ्यांचे आहे म्हणून ते तीस हजारांवर चालवावे असे नाही. ॲक्रिलिक उतरवताना धारदार कार्बाइड बिट (ड्रिलला लावायचे टोक) द्रव्याचे मोठे तुकडे सोलून काढतो, तर डायमंड बिट आणि सँडिंग बँड ते खरवडून अगदी बारीक भुकटी करतात. म्हणून मुख्य काम कार्बाइडने उरकावे, बाकीचे बिट अखेरच्या सफाईपुरते घ्यावेत, आणि बोथट झालेला बिट जपून न ठेवता फेकून द्यावा.

स्वस्तात मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या ॲक्रिलिक लिक्विडपासून दूर राहावे. अशा बाटलीत मिथाइल मेथाक्रिलेट असण्याची शक्यता असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकातच शुद्ध मिथाइल मेथाक्रिलेटच्या नेल प्रॉडक्टविरुद्ध कारवाई केली होती. त्याची नखे फार कडक होतात आणि ॲसिटोनमध्ये सहज विरघळत नाहीत, त्यामुळे ती घासूनच काढावी लागतात. म्हणजे घातक वाफ आणि जास्तीची धूळ, दोन्ही एकाच बाटलीतून येतात. खरेदी करताना घटकांच्या यादीत इथाइल मेथाक्रिलेट लिहिलेले आहे का, हे पाहावे.

नख पिवळे, जाड किंवा भुगा होऊन सुटणारे दिसले, तर ते घासू नये आणि क्लायंटला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे. एक अपॉइंटमेंट बुडेल, हे मान्य आहे.

धूळ टेबलावरच पकडणे

या विषयात सर्वाधिक पैसा आणि लक्ष जेथे खर्च करावे, ती जागा ही आहे. डस्ट कलेक्टर, म्हणजे टेबलावर धूळ ओढून घेणारे यंत्र, बाजारात सहज मिळतो, मात्र तो विकत घेणे आणि त्याने धूळ पकडली जाणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हवा ओढणाऱ्या तोंडापासून जसजसे दूर जावे तसतशी ओढ फार वेगाने कमी होते. तोंडाच्या रुंदीइतक्या अंतरावर ती तोंडाशी असलेल्या वेगाच्या जेमतेम दहावा हिस्सा उरते. कलेक्टरची जाळी बारा सेंटिमीटर रुंद असेल आणि बोट तिच्यापासून बारा सेंटिमीटर वर धरून फायलिंग चालले असेल, तर मशीनचा आवाज होतो पण बारीक धूळ वरच जाते. बोट जाळीपासून चार-पाच सेंटिमीटरच्या आत असावे आणि बिटमधून उडणारा फवारा जाळीच्या दिशेने जाईल अशी हाताची बैठक ठेवावी. हाताखालची उशी जाळीचा अर्धा भाग झाकत नाही ना, हेही पाहावे. हा दोष मी अनेक टेबलांवर पाहिला आहे.

कलेक्टर काम करतो की नाही हे तपासण्यासाठी एक अगरबत्ती पुरते. आधी ॲसिटोन, मोनोमर आणि प्रायमरच्या बाटल्या बंद करून खोलीबाहेर न्याव्यात. मग कलेक्टर सुरू करून, जेथे क्लायंटचे बोट असते नेमक्या त्या ठिकाणी पेटती अगरबत्ती धरावी आणि धूर कोठे जातो ते पाहावे. तो सरळ खाली ओढला गेला तर ठीक. तो डगमगत वर चढला किंवा नेल आर्टिस्टच्या तोंडाकडे वळला, तर अंतर, पंखा किंवा एसीचा झोत यांपैकी काहीतरी चुकते आहे. हीच तपासणी पंखा चालू ठेवून आणि बंद करून, दोन्ही प्रकारे करावी, कारण छतावरचा पंखा चांगल्या कलेक्टरचेही काम बिघडवतो.

पुढचा प्रश्न, ओढलेली हवा जाते कोठे? साध्या कलेक्टरमध्ये पंख्यामागे कापडी पिशवी असते. ती जाड भुकटी अडवते आणि बारीक धूळ तिच्या विणीतून पुन्हा खोलीत, पुष्कळदा थेट नेल आर्टिस्टच्या मांडीवर, सोडून देते. म्हणून पिशवीऐवजी हेपा फिल्टर असलेला कलेक्टर घ्यावा. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. नुसते हेपासारखे किंवा हेपा टाइप असे लिहिलेले असेल, तर तसा आकडा खोक्यावर आहे का ते पाहावे. फिल्टर भरला की हवेची ओढ मंदावते, म्हणून दर आठवड्याला अगरबत्तीची तपासणी पुन्हा करावी. फिल्टर खोलीत किंवा जिन्यात झटकू नये. मास्क लावून, उघड्यावर, पिशवीत घालून तो बदलावा.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे टेबलाखालून पाइप काढून हवा इमारतीबाहेर सोडणे. नाशिककरांना ही सोय अवघड नाही, कारण सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत कारखान्यांसाठी डक्टिंग करणारे फॅब्रिकेटर आहेत, आणि ग्राइंडिंगची धूळ ओढणे हे त्यांच्या रोजच्या कामातले आहे. टेबलाचे माप आणि खिडकीपर्यंतचे अंतर घेऊन त्यांच्याकडे जावे. पाइप आखूड, आतून गुळगुळीत आणि कमीत कमी वळणांचा असावा. सुरळीसारखा वळ्यावळ्यांचा पाइप धूळ साठवतो आणि ओढ कमी करतो. हवा सोडण्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे, संकुलाच्या बंद पॅसेजमध्ये किंवा आपल्याच ताज्या हवेच्या वाटेत उघडू नये. सोसायटीची परवानगी आधी घ्यावी, म्हणजे नंतर पाइप काढण्याची वेळ येत नाही.

खोलीची हवा

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हापुन्हा थंड करतो. बाहेरची हवा तो आणत नाही आणि त्याची जाळी बारीक धूळही अडवत नाही. त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात आणि डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात, म्हणजे खिडक्या बंद राहतात त्या दोन्ही ऋतूंत, केबिनमधील धूळ सर्वाधिक साचते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत सत्तावीस घनमीटर हवा असते. ती तासाला दहा वेळा बदलायची ठरवली तर तासाला २७० घनमीटर हवा बाहेर टाकणारा एक्झॉस्ट पंखा लागतो, आणि घरगुती पंख्यांच्या खोक्यावर हा आकडा बहुधा छापलेला असतो. पंखा बसवताना दाराखाली किंवा समोरच्या भिंतीत हवा आत येण्यासाठी फट ठेवावी, नाहीतर तो नुसताच फिरत राहतो. पंखा नेल आर्टिस्टच्या डोक्यामागे नसावा, कारण मग टेबलावरची सगळी हवा तिच्या चेहऱ्यावरून ओढली जाते. वीजबिलाची काळजी असेल तर निदान फायलिंग आणि रिमूव्हल चालू असताना, आणि त्यानंतर अर्धा तास, एक्झॉस्ट सुरू ठेवावा. एअर प्युरिफायर मदतीला ठीक आहे. कलेक्टरची जागा तो घेऊ शकत नाही.

मास्क

सर्जिकल मास्क गालांजवळ उघडा असतो आणि बारीक धूळ त्या फटींतूनच आत येते. स्कूटीवर बांधतो तो स्कार्फ तर या कामासाठी मास्कच नव्हे. एन ९५ किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ नुसार एफएफपी २ दर्जाचा मास्क घ्यावा. औद्योगिक सुरक्षेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत तो मिळतो आणि कानांऐवजी डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा प्रकारही तेथे मागता येतो. तो चेहऱ्याला जास्त घट्ट बसतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी, जोरात श्वास सोडावा, आणि डोळ्यांकडे किंवा गालांवर हवा जाणवली तर मास्क पुन्हा बसवावा. नाकातील चमकी अडचण करत नाही, मोठी नथनी मात्र करते. मास्क गळ्यात लटकवून चहा घेतला की त्याच्या आतल्या बाजूला धूळ बसते, म्हणून तो काढून स्वच्छ कागदी पिशवीत ठेवावा आणि ओलसर किंवा मळकट झाला की बदलावा. हा मास्क धूळ अडवतो. ॲसिटोन आणि मोनोमरची वाफ तो अडवत नाही. मास्क लावूनही वास येत असेल तर खोलीत हवा कमी पडते आहे, असे समजावे.

झाडलोट, कपडे आणि घरी जाऊन केलेले काम

टेबलावरची धूळ तोंडाने फुंकून किंवा ब्रशने झटकून उडवू नये. ओल्या कपड्याने किंवा ओल्या टिश्यूने टिपून घ्यावी. फरशीवर केरसुणी फिरवू नये, ओले पोछे मारावे किंवा हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरावा. सकाळी दुकान उघडून झाडणाऱ्या मावशींकडे कोणाचे लक्ष नसते. आदल्या दिवशीची सगळी बसलेली धूळ त्यांच्या झाडण्याने पुन्हा उठते आणि त्यांना मास्क कोणीच दिलेला नसतो, तो मालकिणीने द्यावा. ॲप्रन स्टुडिओतच ठेवावा आणि वेगळा धुवावा. डबा आणि चहा त्या टेबलावर नको.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की नवरीच्या घरी जाऊन काम करणाऱ्यांना यातले काहीच हाताशी नसते. त्यांनी छोटा हेपा कलेक्टर सोबत न्यावा, बैठकीच्या खोलीऐवजी गॅलरी किंवा उघडी खिडकी मागून घ्यावी, वारा पाठीकडून किंवा बाजूने येईल असे बसावे, आणि नवरीसह आसपासच्या मुलाबाळांना फायलिंग संपेपर्यंत काय करायचे ते आधीच सांगावे: नवरीला मास्क द्यावा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवावे.

खोकला, शिंका किंवा पुरळ सुट्टीच्या दिवशी कमी होत असेल आणि कामावर परतल्यावर पुन्हा वाढत असेल, तर ते ऋतुमानाचे समजून अंगावर काढू नये. कोणत्या दिवशी कोणते काम केले आणि त्रास केव्हा झाला याची वहीत नोंद ठेवावी, आणि छातीच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना ती वही व वापरातील प्रॉडक्टच्या लेबलांचे फोटो सोबत न्यावेत. गरोदर असलेल्या किंवा आधीपासून दमा असलेल्या नेल आर्टिस्टने हा सल्ला त्रास सुरू होण्याआधीच घ्यावा.