वैद्यकीय गांजासाठी झटणाऱ्या गटाचे नेतृत्व स्वीकारताना: या चुका टाळा

गांजाच्या वनस्पतीपासून तयार होणारी औषधे गरजू रुग्णांना कायद्याच्या चौकटीत मिळावीत, या मागणीसाठी जे गट उभे राहतात, त्यांचे नेतृत्व बहुधा स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तीकडे असते. अपस्मार असलेल्या मुलाची आई, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे पाय आखडलेला एखादा प्राध्यापक किंवा निवृत्त औषधनिर्माता पहिल्या बैठकीत हात वर करतो आणि त्याच संध्याकाळी त्याच्यावर अध्यक्षपद येऊन पडते. त्याची तळमळ खरी असते. मात्र हा विषय एकाच वेळी फौजदारी कायदा, औषधशास्त्र आणि लोकांच्या मनातील भीती या तिन्हींत अडकलेला असल्यामुळे येथे नेत्याच्या एका चुकीची किंमत गटाला नव्हे, तर रुग्णाला मोजावी लागते.

मागणीच धूसर ठेवणे

सर्वांत सर्रास आढळणारी चूक म्हणजे ‘गांजा कायदेशीर करा’ ही घोषणा. या तीन शब्दांत तीन स्वतंत्र मागण्या कोंबलेल्या असतात: प्रौढांना मौजेसाठी सेवनाची मुभा, दोर-कापड-बियाण्यांसाठी औद्योगिक हेंपची लागवड आणि रुग्णांसाठी औषध. तिन्हींचे समर्थक वेगळे, विरोधक वेगळे आणि सरकारी खातीही वेगळी. वैद्यकीय गटाने पहिल्या दोन मागण्यांबद्दल सदस्यांची खासगी मते काहीही असोत, गटाच्या शिक्क्याने त्यांवर बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागातील अधिकाऱ्याला निवेदनातील एक ओळ जरी मौजेच्या बाजूची वाटली, तरी उरलेली चार पाने तो वाचणार नाही.

वास्तविक १९८५ च्या एनडीपीएस (अमली औषधे व मनोप्रभावी पदार्थ) कायद्याचे कलम ८ वैद्यकीय व वैज्ञानिक उपयोगाचा अपवाद मुळातच मान्य करते. हा उपयोग कायदा आणि नियमांत सांगितलेल्या पद्धतीने व मर्यादेतच व्हावा, एवढीच त्याची अट आहे. २०१४ च्या दुरुस्तीने तर या पदार्थांचा वैद्यकीय व वैज्ञानिक उपयोग सुनिश्चित करणे हेही केंद्र सरकारचे कर्तव्य असल्याचे कलम ४ मध्ये नमूद केले. म्हणजे अडचण अपवाद नसण्याची नसून तो रुग्णापर्यंत पोहोचवणारी नियमांची वाट अपुरी असण्याची आहे. ‘कायदा रद्द करा’ आणि ‘कायद्यातील अपवादासाठी नियम करा’ या दोन वाक्यांत चळवळीच्या यशापयशाचे अंतर आहे.

या बाबतीत अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिन या वेदनाशामकाचे उदाहरण प्रत्येक नव्या नेत्याने अभ्यासावे. १९८५ नंतर परवान्यांच्या जंजाळामुळे देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर झपाट्याने घसरला आणि अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्ण वेदनाशामकाविना तळमळत राहिले. वेदनाशमनाच्या उपचारांत काम करणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि केरळमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी अफूच्या मुक्ततेची भाषा कधीच केली नाही. नोंदी चोख ठेवल्यास गैरवापर न होता औषध देता येते, हे त्यांनी आधी दवाखान्यात दाखवून दिले. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, २०१४ मध्ये कायदा बदलला आणि २०१५ च्या नियमांनी मॉर्फिनसह सहा औषधांसाठी राज्याराज्यांतील वेगवेगळ्या परवान्यांऐवजी देशभर एकसमान पद्धत आणली. मागणी अरुंद होती, म्हणूनच ती फळाला आली.

अर्धवट कायदा सांगणे

‘भांग तर कायदेशीरच आहे’ हे वाक्य सभेत टाळ्या मिळवते आणि श्रोत्यांची दिशाभूल करते. केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत चरस आणि गांजा येतात. फुलांच्या शेंड्यांशिवाय असलेली पाने (म्हणजे भांग) व बिया त्या व्याख्येबाहेर राहतात, हे खरे. परंतु पानांचे नियमन राज्यांकडे आहे आणि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम परवान्याशिवाय भांग बाळगू देत नाही. वाराणसीत सरकारमान्य दुकानात मिळणारी वस्तू पुण्यात जवळ बाळगल्यास गुन्हा ठरू शकतो. नेत्याने जाहीरपणे बोलण्यापूर्वी आपल्या राज्याचा कायदा मुळातून वाचावा आणि फौजदारी वकिलाकडून तो समजून घ्यावा.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्णयाचेही असेच होते. २ डिसेंबर २०२० रोजी अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला १९६१ च्या अमली पदार्थविषयक कराराच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक नियंत्रणाच्या अनुसूचीतून वगळले आणि भारताने या ठरावाच्या बाजूने मत दिले. ही बाब निवेदनात अवश्य लिहावी. मात्र गांजा पहिल्या अनुसूचीत कायम असून त्यावरील नियंत्रण उठलेले नाही, हे त्याच परिच्छेदात लिहिले नाही, तर ते समोरचा अधिकारी सांगेल आणि गटाची विश्वासार्हता तेथेच संपेल.

निवेदन कोणाकडे द्यायचे, यावरही गल्लत होते. अमली पदार्थ नियंत्रण विभाग म्हणजे एनसीबी ही अंमलबजावणी करणारी यंत्रणा आहे. तिच्याकडे धोरणबदलाची मागणी करून उपयोग नाही. एनडीपीएस कायद्याचे नियम केंद्रीय अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग करतो, औषधाला मान्यता केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना देते आणि ‘विजया’ (आयुर्वेदातील भांगेचे नाव) हा घटक असलेल्या आयुर्वेदिक औषधांचा प्रश्न आयुष मंत्रालय व राज्यातील परवाना अधिकाऱ्यांकडे जातो.

‘तेल कुठे मिळेल?’ या प्रश्नाला उत्तर देणे

गांजाच्या तेलाबाबतचा हा प्रसंग प्रत्येक गटावर येतो. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर संदेश येतो: ‘ताई, बाळाला आज सहा वेळा झटके आले. तुमच्या ओळखीत तेल देणारे कोणी आहे का? किती थेंब द्यायचे?’ वाचणाऱ्याचे काळीज हलते आणि कोणीतरी सदस्य भावनेच्या भरात एक मोबाइल क्रमांक पाठवतो. त्या क्षणी तीन गोष्टी घडतात. कलम २९ खालील अपप्रेरणा व कटाच्या आरोपाची शक्यता उभी राहते. हे कलम मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा सांगते. बाटलीत नेमके काय आणि किती आहे हे कोणालाच ठाऊक नसलेला द्रव एका आजारी बाळाच्या पोटात जाण्याची वाट मोकळी होते. आणि मागणी करणारा गट पुरवठा करणारा गट असल्यासारखा दिसू लागतो.

याचे उत्तर आधीच ठरवून, कार्यकारिणीत ठराव करून लिहून ठेवावे: आम्ही कोणताही पदार्थ मिळवून देत नाही आणि मात्रा सांगत नाही, झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक चालला किंवा बाळ मधल्या काळात शुद्धीवर न येता झटके पुन्हा पुन्हा आले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे, सुरू असलेले औषध मनाने बंद करू नये, बालमेंदूविकारतज्ज्ञांच्या भेटीची वेळ मिळवण्यास आम्ही मदत करू. शेवटचे वाक्य केवळ लिहिण्यापुरते नसावे. असे विचारणाऱ्या पालकाला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करणारा एक माणूस गटात नेमलेला असलाच पाहिजे, कारण नुसता नकार मिळालेला पालक थेट बेकायदा विक्रेत्याकडे जातो.

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या भावाने येताना सामानातून बाटली आणावी, हा सल्लाही याच प्रकारात मोडतो. तेथे दुकानात राजरोस मिळते म्हणून मुंबईच्या विमानतळावर ते चालते असे नाही. अशा तेलांत टीएचसी, म्हणजे गांजातील नशा आणणारा घटक असल्यास तो अमली पदार्थ आयात करण्याचा गंभीर मामला ठरू शकतो.

पुराव्यापेक्षा मोठे दावे करणे

‘गांजाने कर्करोग बरा होतो’ असे गटाच्या पत्रकावर छापणे चुकीचे आहेच, शिवाय ते गटाला अडचणीत आणणारेही आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कर्करोग, अपस्मार, मधुमेह, काचबिंदू असे आजार असून ते बरे करण्याचे दावे करत औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. आणि जाहिरातीच्या व्याख्येत पत्रके, परिपत्रकेही येतात.

पुरावा सर्व आजारांत सारखा नाही, हे नेत्याने स्वतः आधी मान्य करावे. ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या अपस्माराच्या दुर्मीळ, कठीण प्रकारांत शुद्ध कॅनाबिडिओलचा (गांजातील नशा न आणणाऱ्या घटकाचा) लाभ रीतसर चाचण्यांत दिसला आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यापासून बनवलेल्या एपिडायोलेक्सला मान्यता दिली. मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंच्या ताठरपणासाठी सॅटिव्हेक्स हे गांजापासूनचे औषध ब्रिटनमध्ये २०१० पासून मान्य आहे. दीर्घकालीन वेदनेबाबत मात्र तज्ज्ञांतच मतभेद आहेत: अमेरिकेतील नॅशनल ॲकॅडमीजच्या २०१७ च्या अहवालाने प्रौढांमधील उपयोगास भक्कम पुरावा असल्याचे म्हटले, तर वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये त्याचे समर्थन करण्यास नकार दिला. दोन्ही बाजू मांडणारे निवेदन दुबळे ठरत नाही. डॉक्टर मंडळी अशाच निवेदनावर सही करतात.

धोक्यांबद्दल मौन बाळगणे हीसुद्धा अतिशयोक्तीच होय. कॅनाबिडिओल हे क्लोबाझामसोबत दिल्यास गुंगी वाढते आणि व्हॅल्प्रोएटसोबत दिल्यास यकृताची विकरे वाढू शकतात. आपल्याकडे अपस्मारावर ही दोन्ही औषधे नेहमी वापरली जातात. टीएचसी असलेली औषधे किशोरवयीनांसाठी, गर्भवतींसाठी आणि मनोविकृतीचा पूर्वेतिहास असलेल्यांसाठी जोखमीची आहेत. हे गटाच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असावे.

प्राचीन ग्रंथांतील उल्लेखांवर भाषणाची इमारत उभी करणेही टाळावे. परंपरेचा अभिमान असावा, पण औषधाचा परवाना चाचण्यांवर मिळतो.

पैसा, चेहरा आणि कागद

विक्री करणाऱ्या कंपनीकडून देणगी घेतली की रुग्णांचा गट त्या कंपनीचा प्रचारक वाटू लागतो. घ्यायचीच असेल, तर रक्कम आणि नाव जाहीर करावे आणि त्या कंपनीतील कोणालाही कार्यकारिणीत घेऊ नये. तेल विकणारी व्यक्ती अध्यक्षपदी असूच नये. परदेशी संस्थेची मदत एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी वा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही आणि ती दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते.

झटके येत असलेल्या मुलाची चित्रफीत दाखवून सहानुभूती मिळते, परंतु ते मूल उद्या पंधरा वर्षांचे होईल आणि ती चित्रफीत तेव्हाही फिरत असेल. पालकांची संमती असली तरी चेहरा आणि नाव झाकावे. रुग्णांच्या वैद्यकीय फाइली कोणाच्याही वैयक्तिक मोबाइलवर ठेवू नयेत.

शेवटी कागदपत्रांबद्दल, कारण चांगले गट येथेच कोलमडतात. ज्याचे मूल आजारी आहे, तोच अनेकदा अध्यक्ष असतो. मुलाची प्रकृती बिघडली की त्याला सारे सोडून रुग्णालयात बसावे लागते, आणि बँकेच्या सह्या, मंत्रालयातील टपालाच्या पोचपावत्या व पासवर्ड त्याच्याकडेच अडकतात. महाराष्ट्रात नोंदलेल्या संस्थेने पदाधिकारी बदलल्यावर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे ज्याला सारे जण चेंज रिपोर्ट म्हणतात तो, दाखल करावा लागतो. तो राहिला की जुन्या विश्वस्तांचीच नावे नोंदीत राहतात आणि बँक नव्या सह्या स्वीकारत नाही. म्हणून पद स्वीकारण्यापूर्वीच शेवटचा मंजूर बदल अर्ज, लेखापरीक्षण केलेले हिशेब आणि मागील बैठकांची इतिवृत्ते पाहायला मागावीत, दोन सह्यांपैकी एक सही रुग्णाच्या कुटुंबाबाहेरील सदस्याची ठेवावी आणि पहिल्याच बैठकीत उपाध्यक्षांना प्रत्येक पत्रव्यवहाराची प्रत देण्याचा ठराव करून घ्यावा.