एलवाय लावला की झालं ॲडव्हर्ब? या चुका टाळा

दादरच्या पुलावर कुणालाही विचारा, स्लो लोकल कुठली नि फास्ट कुठली, झोपेतही सांगेल. तोच माणूस इंग्रजीत मात्र 'ट्रेन फास्टली गेली' म्हणतो. स्लोचं स्लोली होतं, मग फास्टचं फास्टली का नाही? नाही होत. फास्ट दोन्हीकडे फास्टच राहतो, लोकलचं विशेषण असो की तिच्या धावण्याचं, म्हणजे ॲडव्हर्ब.

तरी फास्टली गरीब आहे, समोरच्याला अर्थ कळतो. घात करतं ते हार्डली. 'शेवटी एलवाय लावा, ॲडव्हर्ब तयार' हा शॉर्टकट शिकवणाऱ्यांना एकदा समोर बसवायचंय. माझ्या शिकवणीतल्या एका मुलानं नोकरीचा अर्ज मला व्हॉट्सॲपवर पाठवला. मी लोकलमध्ये एका हातानं कडी धरून त्यावरून नजर फिरवली आणि 'ओके' टाकलं. आत वाक्य होतं, 'आय हॅव हार्डली वर्क्ड फॉर टू इयर्स.' त्याला म्हणायचं होतं, दोन वर्षं कसून काम केलं. लिहून बसला, जेमतेमच केलं. मुलाखतीत ते त्याच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतलं. नोकरी मिळाली नाही. चूक त्याची, 'ओके' माझं. तेव्हापासून हार्डली दिसलं की मी तिथे 'जेमतेम' घालून वाक्य मराठीत वाचतो. कसून हवं असेल तर नुसतं हार्ड. तसंच लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे हल्ली. 'आय केम लेटली' म्हणून उशिराची माफी मागता येत नाही.

दुसरं दुखणं ओन्लीचं, आणि ते आपल्या 'च'मधून आलंय. 'च' शब्दाला मागून चिकटतो, ओन्ली सहसा पुढे उभा राहतो. मीच त्याला पैसे दिले: ओन्ली आय गेव्ह हिम मनी. मी त्याला पैसेच दिले: आय गेव्ह हिम ओन्ली मनी. जागा हलली की अर्थ हलतो. शिवाय आपला 'च' पुष्कळदा नुसता जोर देतो. 'तो इथेच राहतो' यात 'फक्त' कुठेय? तरी आपण 'हिअर ओन्ली' म्हणतो. तिथे राइट हिअर म्हणा. मी आधी मराठी वाक्यातल्या 'च'भोवती पेन्सिलीनं गोल करतो आणि तिथे 'फक्त' बसतं का बघतो. घाईवाल्या पोरांना हे बालिश वाटतं. वाटू दे.

फ्रेंडली ॲडव्हर्ब नाही, विशेषण आहे. दोन ओंचा टू म्हणजे खूप नव्हे, नको तितकं. क्वाइट बऱ्यापैकी, क्वाएट शांत. अफेक्ट बहुधा क्रियापद, इफेक्ट बहुधा नाम.

लूस आणि लूझ मात्र कानानं सुटतात. सैल असेल तर शेवटी स, हरवणं असेल तर झ. औषधाच्या दुकानात 'लूज मोशन' म्हणून म्हणून आपला कान तिथेच बिघडलाय. ॲडव्हाइस-ॲडव्हाइझचंही हेच, स आला तर नाम, झ आला तर क्रियापद. आणि 'ॲडव्हाइसेस' लिहू नका. सल्ले कितीही दिले तरी ॲडव्हाइसच.